शरणपूरचा दरवाजा आणि गंगापूर रोडचे फाटक

दिवाळी उरकली की नाशिकच्या गंगापूर रोडवर शाळांचे फलक लागायला सुरुवात होते. जेहान सर्कलपासून आनंदवल्लीपर्यंत चालत गेले तरी कळते की आता शिक्षण ही जाहिरात करून विकायची गोष्ट झाली आहे. एसी वर्ग, रोबोटिक्स, पोहण्याचा तलाव आणि नावापुढे 'इंटरनॅशनल'. या गर्दीत शहरातल्या जुन्या ख्रिस्ती शाळाही उभ्या आहेत. एकेकाळी 'कॉन्व्हेंट' म्हटले की पालक रात्रीपासून रांगेत उभे राहत. आता त्यांनाही स्पर्धक मिळाले. त्यामुळे देशभर ख्रिस्ती शाळांच्या व्यवस्थापनांत एक चर्चा चालू असते: पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा आराखडा करताना परंपरा किती ठेवायची आणि नवे किती आणायचे? प्रार्थना, शिस्त, सेवाभाव ही झाली परंपरा. संगणक, नवे बोर्ड, नवी इमारत हे झाले नवे. मग दोन्हींचा तोल साधायचा.

आमचे म्हणणे असे की हा तराजूच चुकीचा आहे. परंपरा म्हणून ज्या गोष्टी एका पारड्यात टाकल्या जातात त्या परंपरेचे टरफल आहेत. गर कुठे आहे हे पाहायचे असेल तर गंगापूर रोडवरून थोडे आत, शरणपूरला जावे लागते.

आम्ही ख्रिस्ती नाही, बौद्ध आहोत. दुसऱ्याच्या शाळेच्या कारभारात नाक का खुपसता, असे कोणी विचारील. पण महाराष्ट्राच्या खेड्यांतला मराठी ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांतूनच आलेला आहे. एका भावाने १९५६ साली दीक्षा घेतली, दुसऱ्याच्या आज्याने त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी बाप्तिस्मा घेतला, एवढाच फरक. शिवाय आमच्या समाजातल्या कितीतरी घरांत पहिली पाटी मिशनच्या शाळेतून आली. त्या पाटीवर आमचाही हक्क आहे आणि तिच्या हिशेबाची चौकशी करण्याचाही.

शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ च्या सुमारास सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. धर्म बदलल्यामुळे घराबाहेर काढलेल्या, वाळीत टाकलेल्या माणसांना राहायला जागा आणि हाताला काम हवे होते. १८६० च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे आणखी एक दार उघडले. हिंदी महासागरात अरबी गलबतांतून आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून विकायला नेली जात. ब्रिटिश आरमार ती गलबते पकडी आणि सुटका झालेली माणसे मुंबईला उतरवी. त्यांत लहान मुले पुष्कळ. आई-बाप कुठे, गाव कोणते, काही पत्ता नाही. अशा मुलामुलींना शरणपूरच्या आश्रयगृहात आणले गेले. त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदेही शिकवले.

या शाळेतून शिकून गेलेल्या पोरांना इंग्रजी पुस्तकांत 'नासिक बॉइज' म्हणतात. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६६ च्या आफ्रिका मोहिमेसाठी इथून नऊ तरुण नेले. त्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्याच्यापर्यंत पोचला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले आणि शव वाळवून शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून आणले. त्या झाडाखाली प्रार्थना म्हणणारा आणि खोडावर अक्षरे कोरणारा वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. पुढे प्राइस यांनी इथल्या आफ्रिकन लोकांना घेऊन मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रिअर टाउन वसवले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे ते नाव.

नाशिकच्या किती मुलांना हे माहीत आहे? शहराच्या इतिहासात रामाची पावले मोजली जातात, कुंभमेळ्याचे आखाडे मोजले जातात. गुलामीच्या बाजारातून सुटलेली पोरे इथे पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती, हे मात्र इतिहासाच्या तासाला येत नाही. शरणपूर रोड म्हटले की आता शोरूम आठवतात.

त्या मिशनऱ्यांची आम्हाला आरती करायची नाही. मुलांची मूळ नावे गेली, त्यांच्या जागी इंग्रजी नावे आली. त्यांच्या भाषा गेल्या. साम्राज्याचा आणि चर्चचा हिशेब त्यात होताच. आणि एक गोष्ट आमच्या मनात जास्त खुपते. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. नाकारला गेला. तो मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारने कबूल केले की न्याय याच्या बाजूला आहे, पण एका मुलासाठी बाकीच्या समाजाची नाराजी ओढवून घ्यायची नाही. म्हणजे जे सरकार समुद्रात गलबते अडवून गुलामांच्या बेड्या तोडत होते, ते एका महार पोराला वर्गातल्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसवू शकत नव्हते. समुद्रावरची गुलामी पाप ठरली आणि गावकुसाबाहेरची गुलामी 'धर्माची बाब' ठरली. पुढे वरच्या सरकारांनी मुंबईचे कान उपटले हे खरे, पण शाळांच्या ओट्यावर त्याचा फारसा उजेड पडला नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात यायला १९२३ साल उजाडले, आणि तो अमलात आणायला महाडचा संगर करावा लागला.

या अंधाऱ्या पाऊणशे वर्षांत मिशनची शाळा ही निदान एक फट होती. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून मुलींच्या शाळेचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षण फॅरारबाईंकडे झाले. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय'ने, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या नियतकालिकाने. शाळा फुल्यांची आणि छापखाना मिशनचा. ही देवाणघेवाण नसती तर आमचा इतिहास कदाचित एका पिढीने उशिरा सुरू झाला असता.

तेव्हा ख्रिस्ती शाळेची परंपरा काय, तर ज्याला कुठलीच शाळा घेत नव्हती त्याला घेणे. आणि त्या काळातला सर्वात मोठा नवा प्रयोगही तोच होता. महाराच्या आणि मांगाच्या पोराला शिकवणे, मुलींना शिकवणे, गुलामाला शिकवणे, हातकामाला अक्षरांच्या बरोबरीने बसवणे. एकाच कृतीत दोन्ही होते. तोल साधायचा प्रश्न आला नाही, कारण दोन पारडी नव्हतीच.

मग पारडी वेगळी केव्हा झाली? बाबासाहेबांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे आणि ते मिशनऱ्यांना गोड लागणारे नाही. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली तेव्हा वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी हात पुढे केले. त्यांत मेथडिस्ट चर्चचे बिशप बॅडलीही होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा आणि भारतीय ख्रिस्ती समाजाचा बारकाईने अभ्यास केला. इंग्रजी खंड ५ मध्ये धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांचे लेखन आहे, ते प्रत्येक ख्रिस्ती शाळेच्या विश्वस्ताने वाचावे. त्यांचा रोख असा: मिशनच्या शाळा, कॉलेजे, दवाखाने उत्तम आहेत, पण त्यांचा फायदा मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी उचलला. अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती इतका गरीब की उच्च शिक्षणापर्यंत पोचणेच त्याला परवडत नाही. म्हणजे चर्च भरले खालच्या वस्तीने आणि मिशनचे कॉलेज भरले वरच्या आळीने. जातिभेद चर्चच्या आतही राहिला, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले.

नव्वदेक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण. आज गंगापूर रोडवरच्या कोणत्याही महागड्या शाळेच्या फाटकासमोर दुपारी उभे राहून पाहा. मुले न्यायला आलेल्या गाड्या मोजा आणि मग फाटकाच्या आत झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, तुमचा मुलगा कुठे शिकतो? आमचा रोख कोणा एका शाळेवर नाही. हे चित्र सगळ्या शहराचे आहे, सगळ्या धर्मांच्या संस्थांचे आहे. पण ज्यांच्या परंपरेची सुरुवातच शरणपूरला झाली त्यांच्याकडून आम्ही जास्त अपेक्षा ठेवतो, एवढेच.

आकडाही आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांवर एक अहवाल काढला. ख्रिस्ती शाळांतले ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुले फक्त ८.७६ टक्के, असे त्यात म्हटले आहे. या आयोगाचा हेतू शुद्ध होता असे आम्ही मानत नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांवर नजर ठेवणाऱ्या राजवटीत तो अहवाल आला आणि त्याचा वापर कशासाठी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण हातोडा शत्रूच्या हातात आहे म्हणून भिंतीतली भेग खोटी ठरत नाही. बाबासाहेबांनी दाखवलेली तीच भेग आहे.

आता कायद्याचे पाहू, कारण आराखडे आखणारे लोक शेवटी इथेच येऊन थांबतात. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. हा हक्क आम्हालाही प्राणप्रिय आहे, बौद्ध म्हणून तो आमचाही आहे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत मागासवर्गीयांसाठी तरतूद करण्याची वाट मोकळी झाली, पण कलम १५(५) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना वगळले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, खासगी शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात असे ठरले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातूनच बाहेर ठेवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे न्यावे म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवले. आणि महाराष्ट्र सरकारचे दलितप्रेम पाहायचे तर फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना पाहा: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून निभावले. गरिबाच्या पोराने गरिबांच्याच शाळेत जावे, ही व्यवस्था सेक्युलर सरकारी कागदावरही किती सहज उतरते!

यातून ख्रिस्ती शाळा काय निष्कर्ष काढतात? 'आम्हाला लागू नाही.' कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. पण कलम ३० हे ढाल म्हणून दिलेले आहे. त्या ढालीमागे कोणाला उभे करायचे हे शाळेने ठरवायचे असते, आणि तिथे कोर्ट आडवे येत नाही. उद्या सकाळी एखाद्या शाळेने ठरवले की २५ टक्के जागा आम्ही स्वतःहून दलित ख्रिस्ती, बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या घरांतल्या मुलांना देतो, तर देशातला कुठलाही कायदा तिला अडवत नाही. उलट हुकूम नसताना केले तरच ती परंपरा ठरेल. प्राइसनाही कुणी अधिसूचना पाठवली नव्हती.

दलित ख्रिस्ती मुलाचा प्रश्न तर आणखी टोकाचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांना अनुसूचित जातीतून बाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून उंबऱ्याबाहेर आहेत. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्ती ओबीसीत मोजले जातात. गावात त्याला महारवाड्यातलाच समजतात, पण शिष्यवृत्तीच्या अर्जावर तो महार नाही. न्या. बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी. अभ्यास चालू द्या. सरकारने नाकारलेल्या या मुलाला निदान त्याच्याच चर्चच्या शाळेने अर्ध्या फीत तरी घ्यावे की नाही? की तिथेही त्याने 'जनरल' म्हणूनच रांगेत उभे राहायचे?

हिशेबाचा मुद्दा लगेच येतो. पगार कुठून द्यायचे, इमारत कशी सांभाळायची? मुद्दा खोटा नाही. विनाअनुदानित शाळेची चूल फीवरच पेटते. पण मग नव्या गोष्टींचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे व्हावा. एका वातानुकूलित सभागृहाच्या पैशात किती मुलांची दहा वर्षांची फी बसते, हे आराखड्याच्या कागदावर शेजारी शेजारी लिहावे. दोन्ही आकडे समोर आले की कुठले नवे खरे गरजेचे आणि कुठले शेजारच्या शाळेने केले म्हणून करायचे, हे आपोआप कळते. शहरोशहरी चर्चच्या मोक्याच्या जमिनी वादांत आणि बांधकामांत गेल्या. त्या जमिनी कोणासाठी मिळाल्या होत्या हेही कधीतरी त्याच कागदावर यावे.

दुसरे कारण दबक्या आवाजात सांगितले जाते. गरीब वस्तीतली मुले घेतली की 'धर्मांतर करतात' म्हणून ओरड होते, मोर्चे येतात, नाताळच्या कार्यक्रमात घुसतात. भीती खरी आहे आणि अशा हल्ल्यांच्या वेळी आम्ही ख्रिस्ती बांधवांच्या बाजूने आहोत, यात शंका नको. पण सावधगिरी म्हणून श्रीमंत सवर्ण पालकांच्या आडोशाला जाण्याचा उपाय किती टिकेल? जमाव फाटकाशी आला की तो पालक मुलाचा दाखला काढून पलीकडच्या 'इंटरनॅशनल'मध्ये जातो. ज्याचे पोर दुसऱ्या कुठल्या शाळेने घेतले नव्हते तोच फाटकाशी येऊन उभा राहील. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून पुढे कित्येक वर्षे लाठ्या-दगड खाणारे लोक याच जिल्ह्यातले होते. दादासाहेब गायकवाडांनी उभी केलेली माणसे खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आली होती. दारात उभे राहणे म्हणजे काय हे आमच्या लोकांना कोणी शिकवायला नको.

या रस्त्याने बहुजनांच्या शिक्षणाचा दुसराही एक प्रवाह पाहिला आहे. सत्यशोधकी वाऱ्यात १९१४ साली सुरू झालेला मराठा विद्या प्रसारक समाज आणि त्याचे केटीएचएम कॉलेज इथेच आहे. शेतकऱ्यांच्या पोरांनी या रस्त्याने जाऊन पदव्या घेतल्या. आणि याच गंगापूरच्या बाजूला जलालपूर आहे, लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव. वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेल्या वस्तू धुऊन घ्याव्या लागत, अशा घरातली ही बाई. पुढे १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला आणि मनातली जात कशी कशी सुटत गेली हे 'स्मृतिचित्रे'त स्वतःवर हसत हसत लिहून ठेवले. ख्रिस्ती शाळेला परंपरा शिकवायचीच असेल तर वर्गात लक्ष्मीबाई आणि जेकब वेनराइट शेजारी बसवावेत. हा धडा मराठीतून व्हावा, इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठीसुद्धा.

आमच्या स्वतःच्या संस्थांबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख फुकटचा उपदेश होईल. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद झाले. तिथे दार सर्वांना उघडे होते आणि प्राध्यापक नेमताना जात पाहिली गेली नाही. आज आमच्या चळवळीतल्या किती संस्था त्या दर्जाच्या जवळ आहेत? गटातटांची भांडणे, कोर्टकज्जे, जयंतीला रोषणाई आणि ग्रंथालयाला कुलूप. परंपरेचे टरफल जपण्यात आम्हीही कमी नाही.

म्हणून 'जातिनिर्मूलन' पुन्हा उघडावे लागते. १९३६ च्या त्या भाषणाच्या शेवटाकडे बाबासाहेब कोलंबियातले आपले गुरू जॉन ड्युई यांचा आधार घेतात: प्रत्येक समाजावर भूतकाळातले निरुपयोगी ओझे साचते, आणि शहाणा झालेला समाज मिळालेले सगळेच्या सगळे पुढच्या पिढीकडे न देता चांगला भविष्यकाळ घडवील तेवढेच निवडून देतो. बाबासाहेबांनी ते हिंदू समाजाला उद्देशून वापरले. ड्युईंच्या मूळ पुस्तकात ते शाळेबद्दल आहे. ही निवड करणे हेच शाळेचे काम, असे ते सांगतात.

नाशिकच्या ख्रिस्ती शाळांची निवड येत्या प्रवेशाच्या हंगामातच दिसेल. मोठ्या पीठाचा निकाल केव्हा लागेल तेव्हा लागो. नर्सरीचे अर्ज त्याआधी निघतील. त्या अर्जावर एक रकाना वाढवायचा आहे: घरात याआधी कोणी दहावीपर्यंत शिकले आहे का? 'नाही' असे लिहिणाऱ्या आई-बापाला आधी आत बोलवायचे. अर्ज मराठीतही छापायचा आणि तो भीमवाडी, मातंगवाडा, आदिवासी पाडे आणि शरणपूरच्या जुन्या घरांपर्यंत पोचवायचा. पोचवायला माणसे कमी पडली तर आम्ही येऊ. जय भीम.